‘माणूस घरी आणणे’ नावाचं काम

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारी मीच. दरेकशात लहानाची मोठी झाले, मागच्या फाटकातून निघालं की जंगलच सुरू होतं, पण तिथं डासांशिवाय मला कधी कोणी छळलेलं नाही. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवून बसवत नाही.

मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. प्रोग्रामर टूल बनवतात, ते कसं वापरायचं हे मी लिहिते — डॉक्युमेंटेशन. या पावसाळ्यात जे टूल आलं ते एआय एजंटांसाठी होतं. एजंट म्हणजे आपलं आपण काम करणारा प्रोग्राम. त्यानं कराराचा नंबर दिला की टूल त्याला त्या फ्रीलान्स कामाचा करार आणून देतं — काम काय, कोणी घेतलं, कुठवर आलं. बाबांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजे मशीनले बी आता गुत्तेदार लागते?" मी म्हटलं, हो, ठेकेदारच समजा.

डॉक्युमेंटमध्ये नमुन्याचे करार द्यावे लागतात. ते मी टेस्ट सर्व्हरवर बनवते; तिथले सगळे करार खोटेच, आणि तिथं एकही एजंट जोडलेला नव्हता — हे लक्षात ठेवा. लोगो बनवा, भाषांतर करा, असले नमुने लिहून मला वीट आला होता. त्या सकाळी गंमत म्हणून एक मराठीत लिहिला. काम: माणूस घरी आणणे. तपशील: ‘पेज थंडी होऊन राहिली, घरी चला’ अशी हाक मारणे. ही माझ्या मायची, बाबांना जेवायला बोलावायची हाक. ती आता नाही, पण श्रावण आला की फार आठवते... प्रयत्नांच्या रकान्यात तीन टाकले, कारण आमच्याकडे जंगलात पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. तिसरी आली तरच माणूस समजायचा. स्थिती: खुला. ‘कोणी घेतलं’ हा रकाना अर्थातच रिकामा.

दुपारी बाबा सात्या आणायला निघाले. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली मशरूम, बाबांचा जीव की प्राण. शुगरची गोळी घेतलेली आणि ताट तसंच झाकलेलं!

"काऊन न जेवता चालले?" मी ओरडले.

"आलोच वं. तू तुह्या मशीनले जेवू घाल."

दिवस कलला तरी बाबा नाहीत. पाऊस धो धो. फोन खाटेवरच पडलेला. शेजारचे गेंदलालकाका माणसं घेऊन टेकडीकडे गेले आणि मला बजावून गेले, "तू घर सोडू नोको. बुढा दुसऱ्या वाटेनं आला तं घरी कोणी पाहिजे."

उपाशीपोटी गोळी घेतलेला म्हातारा माणूस, ओलं जंगल... चक्कर येऊन पडले असतील तर काय, हे मला चांगलं कळत होतं. मी रडत होते, देवाला शिव्या देत होते. हाताला चाळा म्हणून उघड्या लॅपटॉपवर सकाळच्याच कराराचा नंबर टाकला.

स्थिती: काम सुरू.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. ‘कोणी घेतलं’ — रिकामं. टीममधल्या मुलीला फोन लावला, माझ्या कराराला हात लावलास का? ती म्हणाली, "अगं, तो सर्व्हर सध्या तुझ्याशिवाय उघडतं कोण?" फोन ठेवला, पुन्हा नंबर टाकला. तीनपैकी तीन प्रयत्न झालेले. पुन्हा टाकला.

स्थिती: पूर्ण.

आणि मागचं फाटक वाजलं.

बाबा! चिंब भिजलेले, थरथरत, आणि दुपट्ट्यात सात्या बांधलेल्याच. त्यांना आधी गूळ चारला, मग पेज पाजली. तोंडावर रंग आल्यावर सांगू लागले, "वाट चुकलो. आंग गळून गेलं. मोहाच्या झाडाखाली बसलो, डोळे मिटून राहिले होते. मंग हाक आली."

"काय हाक?"

"तुही माय मारे तेच. पेज थंडी होऊन राहिली, घरी चला. दोन डाव मी चूप. तिसऱ्या डावी ओ देली. जिकडून हाक आली तिकडं सरळ चालत राहिलो, तं आपलं फाटक."

"मायचा आवाज होता?"

"नाही." बाबांनी पेजेचा घोट घेतला. "बाईचा नाही, बाप्याचा नाही. तसा आवाज मी आयकलाच नाही कधी. पन भेव नाही लागलं वं. मायेनं बोलावून राहिलं होतं कोणी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीनं नाही. देवळात एकटं असताना कधी कधी येतो ना, तसा.

आता तुम्ही म्हणाल, शुगर उतरली की भास होतात. मान्य. बायकोचे शब्द आठवणं तर साहजिकच आहे. पण लॅपटॉपची शुगर कोणती उतरली होती? प्रोग्रामरांनी सगळं तपासलं. कोणी काही बदलल्याची खूण नाही आणि करारावर ‘पूर्ण’ तसंच.

डॉक्युमेंटमध्ये त्या रिकाम्या रकान्यापुढे मी आधी लिहिलं होतं: ‘काम कोणीही घेतलेलं नसल्यास हा रकाना रिकामा राहतो.’ ते वाक्य मी खोडलं. आता तिथं लिहिलंय: ‘काम पूर्ण झालं तरी हा रकाना कधी कधी रिकामा राहतो.’ तपासणारे साहेब रोज विचारतात, असं का होतं, कारण लिहा.

कुठून लिहू? बाबा इथं माझ्यासमोर बसून पेज पिऊन राहिलेत, मला एवढंच माहीत आहे.