इटलीला जाणारा मासा

आसलौगच्या पंचाहत्तरीला तिच्या लेकीनं तिला बोटीच्या सहलीचं तिकीट दिलं, तेव्हा आधी तिनं नाक मुरडलं.

"आपल्याच घरापुढून जायला तिकीट कशाला?" ती फोनवर म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून रोज बघतेच की ती बोट."

तेही खरंच होतं. 'आल्के' ही लहानशी पण भलती श्रीमंत बोट उन्हाळाभर आमच्या स्कार्वोय बेटासमोरून जाते. डेकवर मांडीवर घोंगडी घेतलेली माणसं बसलेली असतात आणि दिसेल त्याचे फोटो काढत असतात. आसलौगची वाळत घातलेली अंतर्वस्त्रं अर्ध्या जर्मनीच्या बैठकीच्या खोलीत लागलेली असणार, असं मी तिला नेहमी म्हणते. मी हेर्बोर्ग, तिची धाकटी जाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि दोघींचे नवरे गेल्यापासून दुपारची कॉफी एकाच किटलीत होते.

लेक नेटानं सांगत राहिली. बोडो बंदरातून निघायचं, अमुक बघायचं, तमुक खायचं, मग नेसवोगला उतरायचं, तिथं पाहुण्यांना मासळीच्या गोदामात नेतात.

आसलौगनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "जाते मी. पण हेर्बोर्ग बरोबर हवी."

मी हरखून गेले. नेसवोगचं नाव ऐकून तिचा विचार का फिरला, हे मी विचारलं नाही. आमच्या बेटावर ते कोणालाच विचारावं लागलं नसतं. नेसवोगला हाल्वर्ड राहतो. तिचा धाकटा, सख्खा भाऊ. नऊ वर्षं झाली, दोघांत शब्द नव्हता.

आसलौग मासळीतच वाढली. लहान होती तेव्हा धक्क्यावर उभी राहून कॉड माशांच्या जिभा कापायची, मोठी झाल्यावर मासे साफ करायच्या टेबलाशी उभी राहिली, आणि ओड्मुंडशी लग्न झाल्यावर त्याच्या होडीचे मासे तीच मांडवावर टांगायची. दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवावर घालायचे आणि हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळा लागेपर्यंत वाऱ्यावर सोडायचे. मीठ नाही, धूर नाही. जे करायचं ते वारा करतो. ओड्मुंड गेला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की ती मांडव विकणार. तिनं विकले नाहीत. शेजारच्या होड्यांकडून मासे घेतले आणि त्याच वसंतात शिडीवर चढून स्वतः टांगले. शिडी मी धरली होती. बेटावरचा एकूण एक माणूस पडद्याआडून बघत होता.

उन्हाळ्यात ते मासे नेसवोगच्या गोदामात गेले. पारखी होता हाल्वर्ड. आमच्या टापूत त्याच्यासारखा पारखी दुसरा नाही, हे त्याचे शत्रूही मान्य करतात. तो प्रत्येक मासा हातात घेतो, मानेच्या आत बघतो, पोट दाबतो, नाकाशी नेतो आणि ढिगात टाकतो. उत्तम ते इटलीला, बाकीचं दुसरीकडे. आमच्याकडे चांगल्या कशालाही 'इटलीला जाणारा' म्हणतात. जावई, हवा, कॉफी, सगळं. हाल्वर्डनं बहिणीचा पहिला मासा उचलला, हुंगला आणि म्हणाला, "हा इटलीला जायचा नाही." मग दुसरा. मग तिसरा. असा सगळा माल.

"हाल्वर्ड, नीट बघ," ती म्हणाली. "एकटीनं टांगलेत मी."

"मी मासा बघतो," तो म्हणाला. "कोणी टांगला ते बघत नाही."

गोदाम भरलेलं होतं. ती उभ्या उभ्या पांढरी पडली, बाहेर आली आणि त्या नाताळात त्याच्याकडून आलेला खाऊचा डबा न उघडता परत धाडला. आता खरं सांगायचं तर त्या वर्षी आम्ही मासे फार दाटीनं टांगले होते, आणि मानेत ओल राहिली होती. मला ते दिसलं होतं. आसलौगला माझ्याआधी दिसलं असणार. तो खरं बोलला होता, याचाच तिला जास्त राग होता. पुढं ती आपला माल दुसऱ्या पारख्याकडे पाठवू लागली. बहुतेक वेळा तो पहिल्या प्रतीचा ठरायचा, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. "ह्याचं नाक कसलं नाक," म्हणायची.

तर आम्ही बोटीवर चढलो. खोली अशी की मला बूट काढून आत जावंसं वाटलं. पलंग, त्यावर उशांचा डोंगर, न्हाणीघरात पांढरे झगे आणि लॅव्हेंडरच्या साबणाच्या वड्या. आसलौगनं पहिल्या सकाळी दोघींचे पलंग आवरले, न्हाणीघर पुसलं आणि खिडकीची काच आतून लख्ख केली. खोल्यांचं बघणारी मारेन नावाची मुलगी आली आणि दारातच थबकली.

"अहो, मला काहीतरी काम ठेवा ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तू बस. दमली असशील," आसलौग म्हणाली आणि तिला खुर्ची दिली.

आमच्या टेबलाशी व्हिचेंझाहून आलेल्या ओर्नेल्ला नावाच्या इटालियन बाई होत्या. कानात मोठाले मोती आणि हसणं धक्क्यावरच्या बाईसारखं मोकळं. माझ्या मोडक्या इंग्रजीवर आमचं तिघींचं छान चाललं होतं. जेवणात आमचाच सुका कॉड आला. भल्यामोठ्या ताटलीच्या मध्ये पांढरा एवढासा ठिपका, वर एक पान. आसलौगनं ताटली उचलून खाली बघितलं.

"बाकीचा कुठंय?"

मी भाषांतर केलं तशी ओर्नेल्ला इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचं जोडपं दचकलं. त्यांच्या गावात हाच मासा दुधात आणि तेलात तासन्‌तास मंद शिजवतात, आणि तो वाढताना कोणी एवढासा वाढला तर घरात भांडण होतं, असं त्यांनी सांगितलं. आसलौग खूश झाली. "ही बाई इटलीला जाणारी," ती माझ्या कानात म्हणाली. म्हटलं, "अगं, ती तिथूनच आलीय."

मग वासाचं प्रकरण सुरू झालं. आमच्या बोळकांडीत सुक्या मासळीचा वास सुटला. माझं नाक त्या वासातच जन्मलेलं, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. पण मारेन सुगंधी फवारा घेऊन दारादाराशी हुंगत फिरू लागली, एका इंग्रज गृहस्थांनी खोली बदलून मागितली, आणि इंजिनवाल्या पोरांनी आमच्या खोलीबाहेरची सांडपाण्याची नळी उघडून ठेवली. मी गमतीनं आसलौगला म्हटलं, "तुझ्या पिशवीत मेलंय का काही?" तिचं तोंड बघितलं आणि मी पिशवीच उघडली.

आत हाताएवढा लांब, पुरता वाळलेला कॉड होता.

"आसलौग! लोक इथं हिऱ्याच्या कुड्या घालून फिरतायत!"

"फिरू देत. गेल्या वर्षीचा आहे, माझ्या माळ्यावरचा. नेसवोगच्या गोदामात हाल्वर्ड पाहुण्यांना पारख करून दाखवतो. त्याच्या पारखायच्या ढिगात हा जायला हवा. माझा आहे हे त्याला न कळता." मग खाली बघत म्हणाली, "आईनं शिकवलेली माझी गाठ तो ओळखतो म्हणून दोरी कापून टाकलीय. आता त्याला बघू दे नुसता मासा. तोच म्हणाला होता ना."

पंचाहत्तरीची बाई, आयुष्यात कोणाकडून शाबासकी न मागितलेली, आणि 'हा इटलीला' एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी श्रीमंतांच्या बोटीत मासा लपवून आली होती. मला तिचा रागही आला आणि कीवही. आम्ही दोघींनी मिळून तो मासा आधी टॉवेलात, मग बोटीच्या पांढऱ्या झग्यात गुंडाळला आणि न्हाणीघराच्या कपाटात साबणांच्या मागे कोंबला.

तरी ओर्नेल्लाबाईंना पत्ता लागलाच. त्या बोळकांडीत उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हा माझ्या आईच्या घरातला रविवार आहे. कोणाच्या खोलीत?" मग त्यांना सगळं सांगावं लागलं. भाऊ, गोदाम, ती नऊ वर्षं. सगळं ऐकून त्यांनी आपला ढगळ कोट दाखवला. "मी नेते. इटालियन बाईवर कोण संशय घेणार?"

नेसवोगला उतरलो. गोदामात तोच गार, लाकडी अंधार होता. हाल्वर्ड टेबलामागे उभा होता. केस पार पांढरे झालेले, हात मात्र तसेच, फळ्यांसारखे. त्याची नजर पाहुण्यांवरून फिरली आणि आसलौगवर अडली. तो नमस्कारही करीना, तीही करीना. दोघांच्याही माना बापाच्या, आबांच्या, वाकायच्या नाहीत. बोटीवरचा वाटाड्या त्याचं बोलणं इंग्रजीत सांगू लागला.

"हा इटलीला. हाही इटलीला. हा नाही, याच्या मानेला थंडीनं भेग पडलीय."

लोक फोटो काढत होते. ओर्नेल्लाबाई पारखायच्या ढिगाशी वाकल्या, चेहरा अगदी देवळात उभ्या असल्यासारखा, आणि सरळ झाल्या तेव्हा कोट सपाट झाला होता. दोन-तीन माशांनंतर हाल्वर्डच्या हातात तो आला.

आसलौगनं माझं कोपर धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. हाल्वर्डनं मासा उजेडाकडे धरून मानेत बघितलं. पोट दाबलं. पाठीवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेला, बाजूला केला, पुन्हा नेला. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यानं तो दुसऱ्या ढिगावर टाकला.

"हा इटलीला जायचा नाही."

कोपर सुटलं. आसलौग लोकांना बाजूला सारत टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"का?"

"साबण," हाल्वर्ड म्हणाला.

"काय?"

"याला फुलांच्या साबणाचा वास येतोय. आयुष्य गेलं माझं यात, असला मासा नाही बघितला. आंघोळ घातलीय की काय कोणी?"

वाटाड्यानं ते इंग्रजीत सांगितलं आणि गोदाम हसण्यानं दणाणलं. मागे, पाहुण्यांबरोबर उतरलेल्या मारेननं दोन्ही हात तोंडावर धरले, तिला आत्ता सगळा उलगडा झाला. आसलौग कानापर्यंत लाल झाली.

"साबण सोड," ती म्हणाली. "मासा सांग."

हाल्वर्डनं तो पुन्हा उचलला. टेबलाच्या कडेवर आपटला, कोरड्या लाकडासारखा टणत्कार झाला. मग त्यानं मान वर करून आसलौगकडे बघितलं. कोणाचा आहे हे विचारायची त्याला आता गरज नव्हती.

"मासा असा आहे," तो हळू म्हणाला, "की असा मला स्वतःला कधी जमला नाही. दाट नाही टांगलेला. वारा चारी बाजूंनी फिरलाय. आबांना दाखवला असता तर त्यांनी कोणाला विकू दिला नसता." आणि त्यानं हात लांबवला, इटलीच्या ढिगाकडे.

आसलौगनं त्याचं मनगट धरलं.

"साबणाचा वास आहे ना?"

"आहे."

"मग?"

"अगं, एकच मासा. पाहुण्यांसाठी तर चाललंय हे."

"वास आहे तर हा दुसऱ्या ढिगात," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी खोटं बोललास, तर तेव्हा खरं बोलल्याबद्दल मी नऊ वर्षं रागावले होते कोणावर?"

तिनं त्याच्या हातातून मासा घेतला आणि स्वतःच्या हातानं दुसऱ्या ढिगावर ठेवला. मग वाटाड्याकडे वळली. ताठ उभी, हनुवटी वर.

"सांग यांना. हा माझा भाऊ. हाल्वर्ड. सख्ख्या बहिणीचाही मासा हा इटलीला जाऊ देत नाही. असा माणूस या किनाऱ्यावर दुसरा दाखवा म्हणावं."

मी तिला लेकीच्या लग्नात बघितलंय, ओड्मुंडच्या नव्या होडीवर बघितलंय. एवढ्या अभिमानानं भरलेली ती मी कधीच बघितली नव्हती. वाटाड्याला भाषांतर करताना दोनदा थांबावं लागलं. ओर्नेल्लाबाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

हाल्वर्डनं नाक बाहीला पुसलं. पुढचा मासा घ्यायला त्यानं हात खाली नेला, पण भरल्या डोळ्यांना दिसत नव्हतं, हात नुसताच टेबलावर चाचपडत राहिला. आसलौगनं पारखायच्या ढिगातला पुढचा मासा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"बघतोस काय असा?" ती म्हणाली. "सांग, हा कुठं जायचा. लोक थांबलेत."