आठवीच्या वर्गाचा अबोला

२०२२ साल. माझं वय चौसष्ट. सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुठली केस विसरत नाही असं कोणी विचारलं, तर मी ही सांगतो. हिची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही.

शाळेत मुलांनी मुलांना छळू नये म्हणून काम करणारी एक छोटी संस्था आमच्याकडे आहे. तिच्या विश्वस्त मंडळावर मला घेतलं. बाकीचे डॉक्टर, वकील, निवृत्त मुख्याध्यापिका. मी सातवी पास. पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "भाषण मला जमणार नाही. चौकशी असेल तर सांगा."

खबर मिळाली बोर्लीच्या बाजारात. सुकी मासळी विकणारी एक म्हातारी होती. तिच्या गावाचं नाव सांगत नाही. ती म्हणाली, "साहेब, तुमी पोरांचं बघता ना? आमच्या कोळीवाड्यातली एक पोर शाळेचा ड्रेस घालून निघते आन् दिसभर बोंबील वाळवायच्या काठ्यांखाली बसून राहते. बाप उद्या शाळेतून तिचा दाखला काढतोय. माणगावला मावशीकडं धाडणार, शिवणकामाला."

"कोणी मारलं का तिला?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. दिसलं तरी असतं."

संस्थेच्या अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात शाळेत शिबिर घेऊ. म्हटलं, तोवर पोरगी मशीनवर बसलेली असेल. स्कूटर काढली आणि थेट किनारा गाठला.

मुलगी सापडली. आठवीतली, दप्तर मांडीवर. मी लांबच वाळूत बसलो. घाबरलेल्या माणसाच्या अंगावर उभं राहून विचारलं तर तो खोटं तरी बोलतो, नाहीतर रडतो.

"त्रास कोण देतं?"

"कोण न्हाय."

"शिव्या?"

"न्हाय."

"मग शाळेत का जात नाहीस?"

वाळू उकरत ती म्हणाली, "आजोबा, माझ्याशी कोणच बोलत न्हाय. बाई हजेरी घेतात ना, तेवढंच माझं नाव ऐकू येतं."

कारण तिनेच सांगितलं. नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी काढायची नाही असं वाड्यात ठरलेलं. तिच्या बापाने काढली. पंचांनी घर वाळीत टाकलं. पुढे बापाने माफी मागितली, देवळात नारळ ठेवला, मिटलं. "आता बाबांची होडी ओढायला सगळी येतात. माझ्याशीच कोण बोलत न्हाय. मीच वाईट असेन."

शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडे भांडणच नाही हो. मुलं इतकी शांत!" मी मधल्या सुट्टीत आठवीच्या मुलींना झाडाखाली बोलावलं. सर, तुम्ही आत बसा, म्हटलं. तिच्याशी का बोलत नाही, विचारलं. सगळ्या गप्प, आणि सगळ्यांचे डोळे एकाच मुलीकडे. ठरवून गप्प बसलेली टोळी नेहमी म्होरक्याकडे बघते. ही मुलगी पंचांच्या प्रमुखाची नात निघाली.

"तिच्या बापाचं मिटलं, माहीत आहे ना?"

"कधी?" ती चमकली. "आमाला घरी सांगितलं बोलायचं न्हाय. बोला म्हणून कोणी सांगितलंच न्हाय. आपणहून बोलले आन् आजोबांनी ऐकलं तर?"

केस तिथेच फुटली.

संध्याकाळी त्या नातीच्या आजोबांच्या ओट्यावर गेलो. वाळीत टाकणं गुन्हा आहे, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत.

"आमच्यात असलं काय न्हाय, साहेब. चहा घ्या."

"चहा राहू द्या. मग पोरींना काय सांगू? जे झालंच नाही, ते संपलं म्हणून?"

त्यांनी आवाज खाली आणला. "पोरींपुढं कबूल करू? माझं तोंड राहील काय वाड्यात? आन् तुमी लगेच केस ठोकाल."

"मी निवृत्त माणूस. केस त्या बापाने करायची की नाही ते तो ठरवेल. त्याला अडवीन असा शब्द देत नाही. पण उद्या दाखला निघाला तर त्या पोरीचं काय राहील, ते बोला."

ते उठून आत गेले. मीही उठून आलो.

गुन्हेगार शोधायचा म्हणून आयुष्यभर मी हात शोधले, हत्यार शोधलं. इथे हातही नव्हता, हत्यारही नव्हतं. मोठ्यांनी भांडण केलं, मुलांनी ते इमानाने पाळलं. मोठ्यांनी मिटवलं, तेव्हा मुलांना कोणी बैठकीला बसवलं नव्हतं. म्हणून मंडळात कुठल्याही शाळेचा विषय निघाला की मी आधी विचारतो, या गावात घराघरांत काय चाललंय? कोणी कंटाळलं तरी विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या ओट्यावर जाऊन बसलो. घरच्या बाई म्हणाल्या, "ते न्हाय येणार." म्हटलं, मला घाई नाही. शेवटी ते बाहेर आले. धुतलेला सदरा, टोपी हातात. स्कूटरवर मागे बसले. नात दप्तर घेऊन पळत मागून.

मी शाळेकडे वळलो नाही. त्या मुलीच्या दारात थांबलो. बाप दाखल्यासाठी निघायच्या तयारीत उभा होता. शेजारणी बाहेर आल्या होत्या. म्हातारा उतरला, खाकरला आणि मुलीच्या नावाने हाक मारली, "चल गो बाय, शाळंला. मी आलोय न्यायला."

आवाज शेजारणींपर्यंत पुरता पोचत नव्हता. मी स्कूटर बंद केली आणि म्हटलं, "अजून एकदा. मोठ्याने."