तांडेलांचा पाट

मुंबईत चित्रकला शिकून मालवणला परतलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: स्वतंत्र! कुणासारखं नसेल तेच खरं, बाकी सगळी नक्कल. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. घरी वडिलांची गणपतीची चित्रशाळा होती. श्रावणात मूर्ती ज्यांवर घडवायची ते घरोघरचे पाट यायचे, वर नारळ, आणि प्रत्येकाचं एकच सांगणं, "दरवर्सासारखो." त्या शब्दाने माझं डोकं फिरायचं. ही काय कला झाली? नुसता साचा आणि सोनेरी रंग!

वाद घालून घालून मी वडिलांना इतकं पिडलं की एके दिवशी त्यांनी एक पाट माझ्यासमोर आपटला. पाट होता म्हाताऱ्या तांडेलांचा. जन्मभर गलबतं हाकारलेला, तोंडाने फटकळ माणूस.

"घे, हो पाट तुका. पण त्येंका पटलो नाय, तर मुकाट साचो धरूचो. मगे मुंबयची भाषा माका सांगूची नाय."

माझ्या अंगात वारं शिरलं. पंधरा दिवस तहानभूक हरपली. सिंहासन नाही, लोड नाही, मुकुट नाही. होडीत माणसं एक गुडघा उभा करून निवांत बसतात तसा बसलेला गणपती, आणि अंगाला रंगही नाही, निव्वळ माती. रंगवले ते फक्त डोळे. शेवटची रेघ ओढली आणि मी एकट्यानेच टाळ्या पिटल्या! वडील लांबूनच बघून गेले.

चतुर्थीच्या सकाळी तांडेल आले.

"रंग खंय आसा रे?"

मी मुंबईत शिकलेलं सगळं एका दमात ऐकवलं. ते वाकून बघत राहिले.

"आमचो बाप्पा असो नसता," एवढंच म्हणाले. पण सणाच्या दिवशी रिकामा पाट घरी कसा न्यायचा? गणपती डोक्यावर घेऊन ते चालू लागले. मी वडिलांकडे विजयाने पाहिलं.

"हो त्येंचो नायलाज," वडील म्हणाले. "फुडल्या वर्सा त्येंचो पाट येता काय बघूया."

वर्षभर मी साच्यात माती दाबत राहिलो. रागाने दोन वह्या मात्र नव्या कल्पनांनी भरल्या.

पुढच्या श्रावणात तांडेल हजर! काखेत पाट, हातात नारळ. मी वह्या घेऊन धावतच पुढे गेलो.

"गेल्या वर्सासारखोच करूचो," ते म्हणाले. "आरतीक बघलंय, तर आमच्याबरोबर होडयेत बसल्यासारखो दिसलो. केसभर बदल नको."

वडिलांना हसू आवरेना. मी आनंदाने उडालो आणि तिथल्या तिथे चिडलोही.

"पण आजोबानू, औंदा माज्या मनात दुसरोच आसा!"

"तुज्या मनातलो दुसऱ्याच्या पाटार बसय," माझ्या वह्यांवरच पाट ठेवत तांडेल म्हणाले. "हो बाप्पा आता आमचो."