हिलारियोन उस्ताद आणि लाल कांब

हिलारियोन उस्ताद आयुष्यात कधी गाडीत बसला नाही. ट्रकचे कमानपाटे ठोकण्यात त्याची चाळीस वर्षं गेली, आमच्या खोऱ्यातले निम्मे ट्रक त्याच्या पाट्यांवर उभे, आणि हा बाबा कोचाबांबा शहरात जायचं म्हटलं तर नकोच म्हणायचा. का, तर म्हणे, "मी गाड्या खालून बघितल्यात. वर बसायची हिंमत होत नाही." लोक हसायचे. मीही हसायचे. पण गेल्याच्या आदल्या सणाला चॅपलच्या वळणावर माझ्या नवऱ्याची गाडी जे करून बसली, त्यानंतर माझं हसणं बंद झालं.

माझा नवरा झेनोन टॅक्सी चालवतो. मातेच्या सणाला गावापासून वर खिंडीपर्यंत गाड्यांची शर्यत असते, आणि टॅक्सीवाल्यांच्या युनियनकडून दरवर्षी हाच उतरतो. गाडी तीच, वीस वर्षांची जपानी, आठवडाभर भाजीवाल्या बायका आणि कोंबड्या वाहणारी. त्या दिवशी मी वळणावर आपीची, म्हणजे मक्याच्या गरम पेयाची, किटली घेऊन गिऱ्हाईक करत होते. झेनोननं स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चाकं वळली, गाडी नाही वळली! नाक पुढे काढून सरळ घासत गेली ती कड्याकडे. उजवं पुढचं चाक हवेत गेलं तेव्हा कुठे थांबली. किटली माझ्या हातातून कधी पडली, मला आजही आठवत नाही.

"पुन्हा त्या शर्यतीत गेलास तर घरात पाऊल ठेवायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, माझी चूक नाही, गाडीची खोड आहे ती. काढून टाकू."

काढून टाकू म्हणे! शॉकअप, टायर असा नवा सगळा संच बसवायचा तर गाडीच विकावी लागली असती. मग आमच्याकडे जे करतात तेच केलं. लग्नात केकला एक धर्मबाप असतो, म्हणजे खर्च उचलणारा, बिअरला दुसरा, बँडला तिसरा. तसेच आम्ही गाडीला धर्मबाप शोधले. न्हावी मागच्या शॉकअपचा धर्मबाप झाला. माझी नणंद दोन टायरांची धर्मआई झाली, वापरलेले पण चांगले. हिलारियोन उस्ताद डोकं खाजवत म्हणाला, "माझ्याकडे द्यायला काही नाही. मी मजुरीचा धर्मबाप होतो."

त्याची काम करायची तऱ्हा बघून मला आधी चीडच आली. फुटबॉलच्या मैदानावर त्यानं चुन्यानं मोठं वर्तुळ आखलं आणि झेनोनला त्यावरून गोल गोल फिरवलं, दर फेरीला थोडं जोरात. स्वतः मात्र गाडीकडे बघेचना. गाडी गेली की खाली वाकून धुळीतली टायरची रेघ बघायचा. गालात चघळायला कोकाची पानं, कमरेवर हात.

"उस्ताद, काही बोलाल की नाही?"

"पुढची चाकं आधी दमतात," तो म्हणाला. "दमलेलं चाक वळत नाही, घासत जातं. पुढच्यांचं ओझं कमी करायचं. थोडं मागच्यांनी सोसायला पाहिजे."

मग भंगारातल्या मिनीबसची एक पोलादी कांब त्यानं आणली, भट्टीत लाल करून वाकवली आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये बसवली. पुढच्या चाकांना वरून किंचित आत झुकवलं. पुन्हा चुन्याचं वर्तुळ. या खेपेला झेनोन इतक्या जोरात फिरला की मी डोळे मिटून घेतले. उघडले तर रेघ चुन्यावरच होती. उस्ताद रेघेशेजारी उकिडवा बसून एकटाच हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

इथं सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण आमचा कोंपाद्रे सेरापियो, म्हणजे आमच्या पोरीचा बाप्तिस्म्याचा धर्मबाप, मी त्याची कोमाद्रे, मागे कसा राहील? सात ट्रकांचा मालक तो. पुढच्या सणाच्या आधी आठ दिवस रंगीत कागदात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू घेऊन आला. आत लाल रंगाची, मनगटाएवढी जाड, चकचकीत कांब. पुढच्या चाकांसाठी! खास इकिके बंदरातून मागवलेली.

"कोमाद्रे, आता बघा तुमचा नवरा कसा वळतो ते! माझी भेट गाडीला लावलेली दिसली पाहिजे हं. सणाच्या सकाळी मी खाली वाकून बघणार."

झेनोननं मिठी मारली, मी बिअर ओतली. कोपऱ्यात उभ्या उस्तादानं मात्र कांब एकदा हातात तोलली आणि खाली ठेवली.

कोंपाद्रे गेल्यावर उस्तादानं कांब बसवली आणि झेनोनला मैदानावर नेलं. चौथ्या फेरीला गाडीचं नाक चुना सोडून बाहेर गेलं, गेल्या वर्षीसारखंच. पुढे एवढी जाड कांब घातली की सगळं ओझं पुन्हा पुढच्या बाहेरच्या चाकावर, उस्ताद म्हणाला. माल उत्तम, पण या गाडीत ती जागा चुकीची.

"मग काढा ना!"

"नाही काढायची," झेनोन म्हणाला. "कोंपाद्रेचा अपमान होईल. पोरीच्या शाळेचं तो बघतो. आणि उस्तादाकडे त्याचे सातही ट्रक येतात, ते विसरलीस?"

मी नव्हते विसरले. त्या सात ट्रकांवरच उस्तादाची भट्टी पेटत होती. उस्ताद गाडीखाली सरपटला आणि कांबेची दोन्ही टोकं चाकांशी जोडणाऱ्या दोन छोट्या कड्याच त्यानं सोडवल्या. कांब जागच्या जागी, लाल, चकचकीत, पण नुसती शोभेची. कड्या फडक्यात बांधून डिकीत ठेवल्या. पुन्हा चाचणी झाली आणि गाडी चुन्यावरून हलली नाही. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणाला सांगायचं नाही, एवढंच ठरलं.

सणाच्या सकाळी सुरुवातीच्या रेषेपाशी गाडीला बिअरचा नैवेद्य झाला, बोनेटवर फुलांच्या पाकळ्या, कागदी चकत्या. गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नाही. गाड्या एकेक करून सुटत होत्या; झेनोन हेल्मेट घालून आत बसला होता, त्याच्या पुढे तीनच गाड्या. तेवढ्यात सेरापियो पँट झटकत, हसत हसत आला.

"अहो, तुमचा उस्ताद म्हातारा झाला! कांब बसवली आणि जोडायलाच विसरला! तुम्ही सगळे बँडमागे गेलात, तेवढ्यात मी डिकीतल्या कड्या शोधून काढल्या आणि या हातांनी घट्ट आवळल्या. ट्रक चालवत होतो तेव्हाचे हात आहेत हे!"

लोक खो खो हसले. कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, चष्मा घ्या आता!" हिलारियोन मान खाली घालून उभा होता.

झेनोननं काचेतून माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, "हळू घेईन." हळू घेणार, हा! माझा नवरा मला माहीत नाही का? तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं मला. समोर पोर सेरापियोनं घेतलेल्या नव्या बुटांत उभी होती. आणि मी गप्प बसले. आपला नवरा त्या वळणावर निघालाय हे माहीत असून मी गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

पुढची शेवटची गाडीही सुटली. तेव्हा तो मुखदुर्बळ म्हातारा नट सोडवायचे दोन पाने घेऊन पुढे झाला आणि सगळ्यांच्या देखत झेनोनच्या गाडीखाली आडवा झाला. झेंडेवाला ओरडायला लागला, वेळ चालू झाली म्हणून.

"ए, काय करतोस?" सेरापियो म्हणाला.

खालून आवाज आला, "तुमची कांब सोडवतोय, साहेब. विसरलो नव्हतो. मुद्दाम सोडून ठेवली होती."

"माझी भेट?"

"भेट चांगली आहे. पण ती जोडलेली राहिली तर हा माणूस चॅपलपाशी खाली जाईल."

कुणी हसलं नाही. सेरापियोनं माझ्याकडे बघितलं. "कोमाद्रे, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. एवढं तरी बोलले.

तो वळला आणि गर्दीतून निघून गेला. उस्ताद कड्या मुठीत घेऊन बाहेर आला, पाठीला बिअर आणि पाकळ्या चिकटलेल्या, आणि बोनेटवर दोनदा थाप मारली. झेनोन सुटला, एक मिनिट उशिरा.

मी काही बघितलं नाही. फक्त इंजिन ऐकत होते. वर चढत गेलं, चॅपलच्या डोंगराआड गेलं आणि थांबलं. मी उस्तादाचा दंड धरला. मग डोंगराच्या पलीकडून आवाज पुन्हा आला, बारीक, चढाचा. मी भर रस्त्यात फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले. झेनोन शेवटून दुसरा आला. टॅक्सीवाले नाराज झाले, होऊ देत.

सेरापियो त्यानंतर आमच्या घरी आला नाही. पोरीला मी सरकारी शाळेत घातलं. लाल कांब उस्तादानं पुसून, कागदात गुंडाळून त्याच्या घरी पोचवली, पायीच. दार नोकरानं उघडलं. त्याचे सातही ट्रक आता पुलापलीकडच्या नव्या कारखान्यात जातात. जाताना वाट मात्र उस्तादाच्या दारावरूनच आहे.

रोज सकाळी मी त्याला आपीचा पहिला पेला नेऊन देते. पैसे घेत नाही, तो हट्ट करतो, मी शिव्या घालते. भट्टी बहुतेक वेळा गारच असते. तो पेला दोन्ही हातांत धरतो आणि रोज तेच विचारतो.

"नाक बाहेर जात नाही ना आता?"

"नाही जात, उस्ताद."

मग बाहेर ट्रकचा आवाज येतो. तो पेला खाली ठेवून उठतो, दारापर्यंत जातो, आणि ट्रक निघून गेला की परत येऊन बसतो.