कंदिलाच्या कामट्या आणि कोसाईनचा नियम

परळच्या रात्रशाळेत कोसाईनचा नियम मी फळ्यापाशी उभं राहून धडाधड म्हटला. तिसऱ्या बाजूचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, त्यातून त्या दोन बाजू आणि मधल्या कोनाचा कोसाईन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा.

"वजा का?" गणिताच्या मास्तरांनी विचारलं.

मी तोच नियम पुन्हा म्हटला.

"दिवसभर बाजारात घासाघीस करतोस ना? तेच कर. हे गणित सोड, सोपं घे."

वर्ग हसला. सोपं गणित घेतलं की तांत्रिक शिक्षणाची वाट बंद. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पुढच्या तासाला सांगतो. नाही जमलं तर सोडतो."

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. शाळा बंद, बाजार बंद, खाली रस्त्यावर घोषणा. दिवाळी तोंडावर होती, म्हणून चाळीच्या गॅलरीत कंदिलाच्या कामट्या बांधत बसलो. एक आडवी ठेवली, तिच्या टोकाला बांधलेली दुसरी सरळ उभी धरली. हा पायथागोरस. उभी आत झुकवली, तशी दोन मोकळ्या टोकांमधली तिसरी बाजू आखडली. वजा दिसलं, पण किती? झुकलेल्या टोकावरून किल्ली बांधलेला दोरा खाली सोडला.

"काय रे, कंदील करतंस की मासे गरवतंस?" आई म्हणाली.

"आये, वायच गप रव."

दोरा आडव्या कामटीवर टेकला. तिथून सांध्यापर्यंतचा तुकडा म्हणजेच तिरकी कामटी गुणिले कोसाईन. आडव्या कामटीएवढ्या पतंगी कागदाच्या चौरसातून त्या रुंदीची पट्टी एकदा बाजूने काढायची, एकदा वरून, म्हणून दुप्पट. कोपरा दोनदा जातो, तो परत द्यायचा. उरतो तो आडव्या कामटीच्या उरलेल्या तुकड्याचा वर्ग; त्यात दोऱ्याचा वर्ग मिळवला की तिसऱ्या बाजूचा वर्ग. पण दोऱ्याचा वर्ग तिरक्या कामटीच्या वर्गापेक्षा नेमका तेवढाच कमी. फिटंफाट! कामटी बाहेर झुकवली, तर दोरा सांध्यापलीकडे पडून वजाचं अधिक झालं.

शाळा उघडताच कामट्या घेऊन गेलो. मास्तरांनी दोरा स्वतः सोडून पाहिला.

"बस जागेवर."

"म्हणजे बरोबर ना?"

"बस म्हटलं ना!"

गणित सुटलं नाही, वर्गात राहिलो. पण पुढच्या वर्षी खालच्या वर्गात डोकावलो, तर मास्तर दोन कामट्या घेऊन उभे, दोऱ्याला किल्लीसुद्धा बांधलेली. हे कुणाचं, ते सांगितलं नाही. मी मुद्दाम दारात थांबलो. त्यांनी पाहिलं आणि ते शिकवत राहिले.

पुढे भल्याभल्या व्यापाऱ्यांकडून मी हवा तो भाव काढला. त्या मास्तरांकडून 'बरोबर' एवढा शब्द काही निघाला नाही. तरी कंदील अजून घरीच करतो, आणि कामट्या बांधताना दोऱ्याला किल्ली लावतो.