सानवी कोणाची गोलकीपर

बाजवा या गुजरातेतल्या गावात मुलींचा फुटबॉल सुरू केला तो वसुंधरा दिघेने. नवरा गोविंद रिफायनरीत आणि ती शाळेत पी.टी. शिकवायची. शाळा सुटली की घरोघर जाऊन आयांची मनधरणी करायची. कोणाच्या वडिलांना हाफ पँट खटकायची, कोणाच्या आजीला उन्हाने रापलेली नात. तरी टीम उभी राहिली, टीमचा शक्ती क्लब झाला. क्लब राज्याच्या लीगमध्ये पोचला तेव्हा कमिटी म्हणाली, आता लायसन्सवाली मॅनेजर पाहिजे. वसुंधरेकडे लायसन्स नव्हतं. कोल्हापूरहून उत्कर्षा माने आली आणि वसुंधरा तिच्या हाताखालची झाली.

उत्कर्षेचा राग करायला कारण तसं काही सापडत नव्हतं. ती वेळेवर यायची, मान द्यायची, प्रत्येक गोष्टीत "वसुताई, तुम्हाला काय वाटतं?" विचारायची. पण मुली! 'वसुबेन, वसुबेन' करत मागे फिरणाऱ्या मुली आता उत्कर्षादीदीला घेरून बसायच्या. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाला कोण आवडतं, सगळं दीदीच्या कानात. वसुंधरा जवळ गेली की गप्पा बंद पडायच्या आणि कोणीतरी उगीच विचारायची, "पाणी आणू, बेन?"

सगळ्यात जास्त झोंबायचं ते सानवीचं वागणं. सानवी तिची एकुलती एक लेक, टीमची गोलकीपर. ताटावर बसली की हिचं प्रत्येक वाक्य "दी म्हणतात" असं सुरू व्हायचं. एकदा वसुंधरेने विचारलं, भरली वांगी कशी झालीत? तर म्हणे, "छान आहेत, पण दी म्हणतात तेल कमी खा." गोविंद हसला. वसुंधरेने वाढायचा डाव असा आपटला की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

पहिल्या वर्षी टीम सेमीफायनलला हरली, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. क्लबचे अध्यक्ष जयवंतराव यांना उत्कर्षेने एकदा हाफटाइमला सगळ्यांदेखत ड्रेसिंग रूमबाहेर काढलं होतं. तो अपमान ते विसरले नव्हते. कमिटीच्या बैठकीत त्यांनी वसुंधरेकडे पाहिलं.

"वसुबेन, क्लब तुम्ही उभा केलात. मॅनेजर ठेवायची की नाही, तुम्ही बोला."

हरण्यात उत्कर्षेची चूक नव्हती, हे वसुंधरेला ठाऊक होतं. दोन मुली आजारी होत्या, एकीची परीक्षा होती. ती म्हणाली, "मुली फार मोकळ्या सुटल्यात. कमिटीला योग्य वाटेल ते करा."

तेवढं पुरलं. 'दोघांच्या संमतीने' उत्कर्षा क्लब सोडते आहे असं पत्रक निघालं, आणि लायसन्सचं पुढे बघू म्हणत कमिटीने टीम वसुंधरेच्या हातात दिली.

निरोपाच्या दिवशी मुली उत्कर्षेच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. वसुंधरा बाजूला उभी राहून बॉल जाळीत भरत होती. आपण गेलो असतो तर यातल्या किती रडल्या असत्या, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

आठवडाही झाला नसेल, सानवी म्हणाली, "आई, मी अहमदाबादच्या क्लबमध्ये जाणार. दी तिथे मॅनेजर झाल्यात. कॉलेजही तिथेच घेईन."

वसुंधरा स्कूटर काढून थेट घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत गेली. उत्कर्षा तिथे भाड्याच्या खोलीत राहत होती आणि सामान बांधत होती.

"माझी मुलगी फोडलीत तुम्ही!" दारातूनच वसुंधरा म्हणाली. "टीम घेतलीत, तिथवर ठीक होतं."

उत्कर्षेने हातातली चादर खाली ठेवली. "टीम तर तुमच्याकडेच आहे, वसुताई. बैठकीत तुम्ही काय बोललात ते मला कळलं. त्यावर मी काही म्हणत नाही. पण सानवीला मीच बोलावलं, हे खरं. ती पुढे जाईल. इथे तुम्ही तिला मोकळं सोडणार नाही, आणि रागवणारही नाही. आईला ते जमत नाही."

"आईला काय जमतं ते तुम्ही मला नका शिकवू."

"बरं, नाही शिकवत. पाणी घेता?"

पाणी न पिताच वसुंधरा जिना उतरली. घरी दोन दिवस अबोला झाला. शेवटी गोविंद म्हणाला, "अडवलीस तर राहील गं ती. पण तुझ्याशी बोलेल का?" बॅग वसुंधरेनेच भरून दिली.

पुढच्या मोसमात दोन्ही क्लब अहमदाबादला समोरासमोर आले. पलीकडच्या गोलपोस्टमध्ये सानवी होती. ती डावीकडे झेपावताना उशीर करते, हे जगात वसुंधरेइतकं कोणाला माहीत होतं? लहानपणी तो खांदा निखळला होता, तेव्हापासूनची ती भीती. सामन्याआधी वसुंधरेने आपल्या मुलींना गोळा केलं. एकदा पलीकडच्या गोलपोस्टकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिच्या डावीकडे मारा. खालून."

शेवटच्या मिनिटांत बरोबरी असताना शक्ती क्लबला पेनल्टी मिळाली. बॉल सांगितल्याबरहुकूम डावीकडे, खालून गेला. सानवी बिनधास्त झेपावली. बॉल तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. ती उठली ती धावत सुटली उत्कर्षेकडे, आणि दोघी एकमेकींना बिलगल्या. वसुंधरेला ते पुन्हा झोंबलं. हात मात्र टाळ्या वाजवत होते. आपल्याच मुली आपल्याकडे बघताहेत हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

सामना बरोबरीत सुटल्यावर सानवी घामाने निथळत आली. "डावीकडे मारायला तूच सांगितलंस ना?"

"हो."

"वाटलंच मला!" ती खो खो हसली. "आई, खांद्याची भीती गेली माझी."

उत्कर्षा थोडी मागे उभी होती. वसुंधरेला तिच्याकडे बघावंसं वाटत नव्हतं, पण ती गेली.

"कशी घालवलीत ती भीती?" तिने विचारलं.

उत्कर्षेने सांगितलं. आधी गुडघ्यांवर बसून झेप, खाली गादी, मग हळूहळू गादी काढून घ्यायची. सांगताना ती हसत होती, आणि तिचं ते हसणं वसुंधरेला आजही सोसत नव्हतं. पण तिने प्रत्येक शब्द नीट ऐकून घेतला.

सोमवारी बाजव्याच्या मैदानावर शाळेची जुनी गादी आली. नव्या गोलकीपरने विचारलं, "बेन, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"खाली बस आणि झेप घे," वसुंधरा म्हणाली.