मेव्हिसबाईंच्या ट्रॅक्टरवरचा बोजा

आमच्या किनाऱ्यावरील मासेमारी होड्या मेव्हिस पेनरोझ यांनी बावीस वर्षे आपल्या ट्रॅक्टरने पाण्याबाहेर ओढल्या. ट्रॅक्टरचे कर्ज त्यांनी मार्चमध्ये पूर्ण फेडले. गुडघे थकल्यामुळे तो विकून त्यांना विश्रांती घ्यायची होती. परंतु सरकारी नोंदीत कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा तसाच राहिला, म्हणून दोन गिऱ्हाईके परत गेली. कंपनीचे व्यवस्थापक क्लाइव्ह स्टँटन प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात बघतो, आजी" असे सांगून फोन ठेवीत.

नाताळच्या सुट्टीत त्याच स्टँटन यांची नवी गाडी आमच्या वाळूत रुतली आणि भरती चढू लागली. मेव्हिसबाई ट्रॅक्टर घेऊन आल्या, पण त्यांनी गाडीला दोर बांधला नाही.

"आजी, बघताय काय? पाणी चाकाला लागलं!"

"कसा हात लावू, साहेब? हा ट्रॅक्टर अजून तुमच्याकडे गहाण आहे ना?"

"अहो, तो बोजा फोनवरून दोन मिनिटांत उतरतो!"

"दोन मिनिटांत? मग नऊ महिने काय झोपला होतात?"

स्टँटन यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून बोजा उतरवला. बाईंनी ती नोंद आपल्या फोनवर दोनदा तपासली. नंतर त्यांनी थर्मासमधून चहा ओतला.

"आता तरी ओढा!"

"पुढच्या आठवड्यात बघते."

पाणी गाडीच्या आसनांवर चढल्यावरच त्यांनी दोर बांधला. गाडी बाहेर आली, परंतु पुन्हा सुरू झाली नाही. मी तेथे उभा होतो. मला दया आली नाही.